अरेस्टची पहिली दहा मिनिटं: जतच्या एका डॉक्टरांच्या प्रश्नाला उत्तर

जत तालुक्यातल्या पंचवीस खाटांच्या एका रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या डॉक्टरांचा प्रश्न आहे. त्यांचं लिहिलेलं आवरून सांगते. पहाटे पावणेतीनला बावन्न वर्षांचा माणूस छातीत दुखतंय म्हणून चालत आला. ईसीजीत इन्फिरिअर एमआय, म्हणजे हृदयाच्या खालच्या भागाचा झटका. नातेवाईक गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आणायला मेडिकलवर गेले आणि इकडे पेशंटने डोळे फिरवले: अरेस्ट, म्हणजे हृदय बंद पडलं. अँब्यू (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी), श्वासनलिकेत ट्यूब टाकायचे दोन प्रयत्न, अ‍ॅड्रिनॅलिन, अ‍ॅट्रोपिन. डिफिब, म्हणजे विजेचा शॉक द्यायचं मशीन, ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) होतं, ते आणून एक शॉक. मधेच मॉनिटरवर कॉम्प्लेक्स (ठोक्यांचे आकार) दिसले म्हणून छाती दाबणं थांबवलं, पण नाडी लागत नव्हती. मग सरळ रेष आली, तिलाही शॉक दिला. चाळीस मिनिटांनी थांबले. शेवटी त्या विचारतात: "सहा महिन्यांपूर्वी एसीएलएसचा (अरेस्टमधल्या उपचारांचा) कोर्स केला, परीक्षेत ९२ टक्के मिळाले, तरी ऐन वेळी अल्गोरिदम (ठरलेल्या पायऱ्यांचा क्रम) आठवला नाही. तो पक्का पाठ कसा करू? आणि माझ्यामुळे गेला का तो?"

डॉक्टर, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला मिरजेत बसून देता येणार नाही, आणि तुम्ही स्वतःलाही ते आज देऊ नका. कोसळताना पहिला रिदम (हृदयाच्या ठोक्यांची चाल) कोणता होता, हृदयाचा किती भाग गेला होता, पहिला शॉक कितव्या मिनिटाला बसला, यावर सगळं अवलंबून आहे आणि त्यातलं बरंचसं आता कळणार नाही. पहिल्या प्रश्नाबद्दल मात्र बोलते, कारण तिथे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं झालंय. अल्गोरिदम तुम्हाला पाठ आहे, ९२ टक्के उगाच मिळत नाहीत. त्या खोलीत कुणी काय करायचं हे ठरलेलं नव्हतं आणि ती सगळी जुळवाजुळव तुमच्या एकटीच्या डोक्यावर आली, तिथे घोडं अडलं.

मी सत्तावीस वर्षं भूलतज्ज्ञ आहे. कोर्सची खोली आणि आपली खोली यात किती फरक असतो बघा. तिथे सहा जण, सगळे डॉक्टर, पुतळा कमरेच्या उंचीवर, डिफिब चार्जिंगला लावलेलं. तुमच्याकडे रात्री एक सिस्टर, एक वॉर्डबॉय, एक मावशी आणि फोमची गादी. चार जणांत सहा जणांचं काम करायचं तर काहीतरी सोडावं लागतं, आणि काय सोडायचं हे कोर्समध्ये कुणी सांगत नाही.

जे अजिबात सोडायचं नाही ते म्हणजे छाती दाबणं. तुम्ही जतच्या, म्हणून हातपंपाचं उदाहरण देते. हातपंप मारायला लागलं की पहिले आठ-दहा हापसे कोरडे जातात, मग धार लागते. घागर सरकवायला हात थांबवला की पाणी खाली उतरतं आणि पुन्हा ते आठ-दहा हापसे फुकट. कॉरोनरीतला, म्हणजे हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांतला दाब असाच चढतो. सलग दाबत गेलं की हळूहळू वाढतो, थांबलं की धाडकन खाली. म्हणून मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची आणि कोणत्याही कारणाने १० सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही. ट्यूबच्या दोन प्रयत्नांत मिळून किती वेळ हात थांबले होते, जरा आठवून बघा. माझा अंदाज, दीड मिनिट तरी.

इथे दोन बारीक गोष्टी सांगते, कारण त्या पुस्तकात नसतात. एक, उंची. आपल्या सिस्टर पाच फुटांच्या, खाट उंच, खाली फोम. दाबलं की छातीऐवजी गादीच खाली जाते. खाटेखाली पायरीचं स्टूल आणि भिंतीला टेकवून एक फळी कायम हवी. दुसरी, मोजणी. आपण मराठीत मोजतो. एक ते दहा झपाझप होतात, पण एकवीस, बावीस करत अठ्ठावीस, एकोणतीसपर्यंत आलं की शब्द लांबतात आणि शब्दांबरोबर हातही रेंगाळतात. मी बाजूला उभं राहून घड्याळ लावलंय, शेवटच्या दहांत वेग हमखास पडतो. म्हणून आमच्याकडे दहापर्यंत तीनदा मोजतात: पहिले दहा, दुसरे दहा, तिसरे दहा, मग अँब्यूचे दोन श्वास. मोबाइलवर मेट्रोनोम ११० ला लावून ठेवलं तर आणखी सोपं.

आता ट्यूब. मी भूलतज्ज्ञ, आयुष्यभर ट्यूबच टाकत आले, तरी सांगते: तुमच्यासारख्या ठिकाणी पहिली दहा मिनिटं ट्यूबच्या नादी लागू नका. हृदयामुळे झालेल्या अरेस्टमध्ये मास्क नीट बसवून ३० ला २ दिलं तर भागतं. आय-जेल (घशात बसवायची श्वासाची नळी) ठेवा, नंबर ३ आणि ४, आत सरकवायला काही सेकंद लागतात आणि दाबणं थांबवावं लागत नाही. आय-जेल किंवा ट्यूब बसली की दर ६ सेकंदांनी एक श्वास, दाबणं अखंड. आय-जेलच्या बाजूने फारच हवा निसटत असेल तर परत ३० ला २. घाबरलेल्या माणसाच्या हातात अँब्यू दिला की तो मिनिटाला तीस-चाळीस श्वास मारतो, हे मी स्वतः मोजलंय. त्याने छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे रक्त परत येत नाही आणि बाकीच्यांच्या दाबण्यावर पाणी पडतं. हा नियम मात्र सगळीकडे लावू नका. विहिरीतून काढलेला मुलगा, महापुरात बुडालेला माणूस, फास घेतलेला पेशंट, यांचं हृदय ऑक्सिजनअभावी थांबलेलं असतं. तिथे श्वास आधी आणि महत्त्वाचा.

डिफिब ओटीत होतं, हे वाक्य वाचून मी थांबले. तुमच्या सगळ्या हकिकतीत मला हीच जागा सर्वांत जास्त खुपली, आणि ती काही तुमची एकटीची चूक नाही. एमआयमध्ये माणूस कोसळतो तो बहुतेक वेळा व्हीएफने, म्हणजे हृदय नुसतं थरथरत राहिल्याने, आणि व्हीएफला शॉकशिवाय इलाज नाही. छाती दाबणारं कुणी नसेल तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. ईसीजीत एसटी वर (झटक्याची खूण) दिसला त्या क्षणी, माणूस बोलत असतानाच, डिफिब त्याच्या खाटेशी आलं पाहिजे आणि इलेक्ट्रोड लागले पाहिजेत. औषधाची चिठ्ठी लिहिणं त्याच्यानंतर. (आणि ते गुठळीचं औषध. पहाटे तीनला नातेवाइकांना मेडिकलवर पिटाळायचं? निदान एक व्हायल रुग्णालयात ठेवायला व्यवस्थापनाच्या मागे लागा. मिरज-सांगलीची कॅथलॅब तुमच्यापासून दीड-दोन तास लांब आहे.)

शॉकबद्दल माझीच एक फजिती सांगते. नोकरीच्या सुरुवातीला एका रुग्णालयात व्हीएफच्या पेशंटवर मी पॅडल ठेवले, "बाजूला व्हा" ओरडले, दोन्ही बटणं दाबली आणि काहीच झालं नाही. परत दाबली, परत शांतता. मशीन बिघडलं म्हणून दुसरं आणायला माणूस पळाला. मशीन ठणठणीत होतं. दुपारी कुणीतरी एएफच्या (अनियमित ठोक्यांच्या) पेशंटला कार्डिओव्हर्जन, म्हणजे ठोक्याशी जुळवून दिलेला शॉक, दिलं होतं आणि सिंकचं बटण चालूच राहिलं होतं. सिंकमध्ये मशीन आर लाटेची, म्हणजे ठोक्याच्या टोकदार लाटेची, वाट बघत बसतं. व्हीएफमध्ये आर लाट येणार कुठून? तेव्हापासून पॅडल उचलण्याआधी माझं बोट आपोआप सिंकच्या दिव्याकडे जातं. तुमच्या मशीनवर तो दिवा कुठे आहे हे उद्या बघून ठेवा. मशीन बायफेजिक (नव्या पद्धतीचं) असेल तर कंपनीने सांगितलेले ज्यूल, साधारण १२० ते २००. माहीत नसेल तर मशीनचा सगळ्यात मोठा आकडा. जुनं मोनोफेजिक असेल तर ३६०. चार्ज होईपर्यंत दाबणं चालू, शॉकच्या वेळी ऑक्सिजन बाजूला, आणि शॉक बसल्या बसल्या पुन्हा छातीवर हात. मॉनिटरकडे बघत उभं राहायचं नाही, नाडी शोधायची नाही, दोन मिनिटं दाबायचंच.

मॉनिटरने तुम्हाला दोनदा फसवलं. पहिल्यांदा कॉम्प्लेक्स दिसले तेव्हा. कॉम्प्लेक्स म्हणजे वायरिंगमध्ये करंट आहे, मोटर फिरतेच असं नाही. नाडी नसेल तर तो पीईए, आणि पीईएत दाबणं थांबवायचं नसतं. दोन मिनिटांच्या टप्प्यालाच बघायचं, मानेतली नाडी १० सेकंदांत नक्की लागली नाही तर नाही असंच धरायचं. दुसऱ्यांदा सरळ रेषेवर. सरळ रेषेला शॉक देऊन काही मिळत नाही, फक्त हात थांबतात. पण ती खरंच सरळ आहे का हे आधी बघायचं: लीड (वायर) निघालीय का, गेन (रेषेची उंची) कमी आहे का, दुसऱ्या लीडमध्ये काय दिसतं. कधी कधी बारीक व्हीएफ सरळ रेषेच्या वेशात असतं.

औषधांवर तुम्ही सर्वांत जास्त लिहिलंय, मी सर्वांत कमी लिहिणार. अ‍ॅड्रिनॅलिन १ मिलिग्रॅम, म्हणजे आपलं साधं एक अँप्युल, दर ३ ते ५ मिनिटांनी. मागून २० मिली सलाइन आणि हात वर. शॉक न लागणाऱ्या रिदममध्ये लवकरात लवकर, व्हीएफमध्ये शॉक आधी आणि अ‍ॅड्रिनॅलिन दुसऱ्या शॉकनंतर. तिसऱ्या शॉकलाही दाद नसेल तर अमायोडेरोन ३०० मिलिग्रॅम, म्हणजे १५० ची दोन अँप्युल, नंतर लागलं तर आणखी १५०. अमायोडेरोन नसेल तर लिग्नोकेन, किलोला १ ते १.५ मिलिग्रॅम. अ‍ॅट्रोपिन अरेस्टच्या यादीतून २०१० मध्येच गेलं. नाडी असताना, ठोके मंद आणि बीपी पडतंय तेव्हा ते द्या, इन्फिरिअर एमआयमध्ये अशी वेळ येतेच. हायड्रोकॉर्टिसोन, डेक्सा, डेरिफायलिन ही आपल्याकडची देवाला नारळ फोडल्यासारखी पद्धत आहे, तिने फक्त सिस्टरचे हात अडकतात. आणि अ‍ॅड्रिनॅलिनवरही फार भिस्त नको. २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये ८,०१४ पेशंटांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, सगळे रुग्णालयाबाहेरचे अरेस्ट. ३० दिवसांनी जिवंत होते अ‍ॅड्रिनॅलिन मिळालेल्यांतले ३.२ टक्के, न मिळालेल्यांतले २.४ टक्के, आणि मेंदू धड राहून वाचणाऱ्यांत ठळक फरक दिसला नाही. तुमचं अँप्युल दोन मिनिटं उशिरा गेलं असेल तर त्यावर झोप घालवू नका. हात थांबले होते त्यावर विचार करा.

तर चौघांची वाटणी अशी करा. वॉर्डबॉय दाबतो. दर दोन मिनिटांनी सिस्टर आणि तो आलटून पालटून, दमलो नाही म्हटलं तरी बदलायचं. तुम्ही डोक्याशी, अँब्यू आणि मॉनिटर आणि हुकूम. व्हेनफ्लॉन (शिरेतली सुई) एमआयच्या पेशंटला आधीच लागलेला असतो, औषध त्या वेळी दाबत नसलेला हात देतो. आणि मावशी घड्याळ. हसू नका. आमच्या एका मावशींचं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण "म्याडम, दोन मिंटं झाली" हे त्या इतक्या ठणकावून सांगतात की मोठे डॉक्टरही हात बदलतात. वेळ त्या पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून भिंतीला लावतात, नंतर केसपेपर लिहायला तीच उपयोगी पडते.

हे चक्र फिरायला लागलं की तुमचं डोकं मोकळं होतं, आणि मग खरं डॉक्टरचं काम सुरू होतं: हा का थांबला? पाच एच, पाच टी (अरेस्टच्या कारणांची यादी) तुम्हाला पाठ असतील, पण ती यादी आपल्या तालुक्याच्या रंगात वाचायला शिका. तासगाव-कवठेमहांकाळकडून द्राक्षबागेत फवारणी करणारा आला, तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीएवढ्या, तर ते ऑरगॅनोफॉस्फेट (कीटकनाशकाचं विष), आणि तिथे अ‍ॅट्रोपिन अँप्युलच्या हिशेबात नाही, छाती कोरडी होईपर्यंत दुप्पट-दुप्पट करत द्यायचं. डायलिसिस चुकवलेला पेशंट, रुंद कॉम्प्लेक्स, तर पोटॅशियम वाढलेलं, आणि कॅल्शियम ग्लुकोनेट लगेच. गरोदर बाई असेल तर एकाने गर्भाशय हाताने डावीकडे सरकवून धरायचं, आणि पाच मिनिटांत बाळ बाहेर काढायची तयारी ठेवायची.

मण्यारीचं वेगळं सांगायला हवं. पावसाळ्यात शेतातल्या खोपटात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो, दंश सापडत नाही, मग पापण्या मिटतात, श्वास थांबतो आणि श्वासाच्या मागे हृदय. मण्यारीच्या विषाने बाहुल्या मोठ्या आणि स्थिर होऊ शकतात, माणूस बोटही हलवू शकत नाही, पण आतून सगळं ऐकत असू शकतो. अशा पेशंटच्या बाहुल्या बघून "संपलं" म्हणायचं नाही. श्वास देत राहिलं तर काही दिवसांनी उठून बसतात. ट्यूबला मी वर नाही म्हटलं, इथे हो म्हणते, आणि घाईने हो म्हणते.

तुमच्या पेशंटबाबत एक शंका मनात राहते, तुम्ही लिहिलेलं नाही म्हणून विचारते. जिभेखाली सॉर्बिट्रेट (नायट्रेटची गोळी) दिली होती का? इन्फिरिअर एमआयमध्ये उजवा व्हेंट्रिकल (हृदयाचा उजवा खालचा कप्पा) गेलेला असेल तर नायट्रेटने बीपी कोसळतं. उजव्या बाजूची एक लीड, व्ही४आर, काढायला अर्धं मिनिट लागतं. पुढच्या वेळी काढा.

थांबायचं कधी, याला एक आकडा नाही. कॅप्नोग्राफ (श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं मशीन) असेल तर ट्यूब टाकलेल्या पेशंटमध्ये २० मिनिटांनंतरही ईटीसीओटू (त्या मशीनवरचा आकडा) १० च्या खाली असेल तर बाकी लक्षणांसोबत तो थांबायच्या बाजूचा पुरावा. अचानक ३५-४० वर उडी मारली तर रक्ताभिसरण परत आलं असण्याची शक्यता. तुमच्याकडे कॅप्नोग्राफ नाही असं धरते. मग मी स्वतःला विचारते: कोसळताना कुणी बघितलं होतं का, पहिला रिदम कोणता, सुधारता येईल असं कारण राहिलंय का. वीस-पंचवीस मिनिटं सरळ रेष, कारण सापडत नाही, तर मी टीमला मोठ्याने विचारते, "कुणाला काही सुचतंय का?" एकदा मेडिकल ऑफिसरला नाही, एका ब्रदरला सुचलं होतं, शुगर बघितलीच नव्हती. बुडालेला, विष घेतलेला, मण्यार चावलेला, यांना हे घड्याळ लावत नाही. तुम्ही चाळीस मिनिटांनी थांबलात ते काही लवकर नव्हतं.

बाहेरच्या लोकांबद्दल. दार लावून चाळीस मिनिटं आत आणि मग एकदम "गेले", यातूनच काचा फुटतात. पाचव्या मिनिटाला कुणीतरी बाहेर जाऊन सांगायला हवं: "हृदय बंद पडलंय, आम्ही छाती दाबून चालवायचा प्रयत्न करतोय, दहा मिनिटांनी परत येऊन सांगते." आणि दहा मिनिटांनी खरंच जायचं. शेवटी सांगताना "सिरियस", "एक्सपायर", "प्रयत्न केले पण" असले शब्द नकोत. खाली बसून, "तुमचे वडील वारले" एवढं सांगा आणि गप्प राहा. पहिल्या मिनिटात त्यांना कारणं ऐकू येत नाहीत.

एसीएलएसचं कार्ड दोन वर्षं चालतं, हात मात्र काही महिन्यांतच गंजतो. महिन्यातून एकदा, दुपारच्या रिकाम्या वेळी, एका खाटेवर गादीची गुंडाळी ठेवा आणि न सांगता "अरेस्ट" ओरडा. मावशींच्या हातात घड्याळ. ओरडल्यापासून पहिला शॉक द्यायला किती वेळ लागतो तेवढंच मोजा. पहिल्यांदा डिफिबची जेली सुकलेली निघेल, प्लग पोचणार नाही, लॅरिंगोस्कोपचा सेल गेलेला असेल. तेच शोधायचंय.

तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय की त्या रात्रीच्या सिस्टर त्यानंतर तुमच्याशी धड बोलत नाहीत. पुढच्या ड्यूटीला राउंडच्या आधी त्यांना चहाला बोलवा आणि ती चाळीस मिनिटं त्यांच्याकडून पहिल्यापासून ऐका, मधे न बोलता. तुम्ही डोक्याशी उभ्या होतात, त्या छातीशी. हात कधी आणि किती वेळ थांबले हे तुमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत असेल.